जायची फेरी, यायची फेरी

१२ जुलै

ही वही लेकीनं, वनितानं आणून दिली. म्हणली, आबा, आईवर ओरडायच्या आधी यात लिहीत जा. मी म्हणलं, मी कधी ओरडलो? भामा पलंगावरून म्हणली, "आत्ताच." तर झाली सुरुवात.

मी शहादेव. एसटीत डायव्हर होतो, जन्म गेवराई डेपोत गेला, आता रिटायर होऊन उमापुरात घरी असतो. ओरडायचा माझा स्वभाव न्हाई. इंजिनाच्या आवाजात बोलायची सवय हाय, एवढंच.

भामा म्हणजे भामाबाई, माझी बायको. चैतात तिला उजव्या अंगाला लकव्याचा झटका आला. पाय सुधरला. तोंड तर दवाखान्यातच चालू झालं. उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो, कुणी दुसऱ्यानं सांभाळायला दिल्यासारखा. गेवराईचे व्यायामाचे डॉक्टर म्हणले, बोटं वापरली तर येतील, न्हाई वापरली तर अशीच आखडतील, अन् हेच चार-सहा महिने हातात हायत. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. भामानं तो डाव्या हातानं अंगणात फेकला. "मी काय लेकरू हाय?" म्हणली. चेंडू शेजारच्या केसरबाईच्या शेळीनं हुंगला अन् सोडून दिला.

वनिता संभाजीनगरला नर्स हाय, ती गेली परत. आता घरात आम्ही दोघं अन् ही वही.

१४ जुलै

वर्षावास सुरू झाला. भंतेजी विहारात उतरलेत, अश्विन पौर्णिमेपर्यंत राहतील, मग पुढं चारिकेला, गावोगाव फिरायला निघतील. दर वर्षी जाताना भामा त्यांना हातानं शिवलेली गोधडी देती. लग्न झाल्यापासनं एक वर्ष चुकलेलं न्हाई.

आज म्हणली, "औंदा न्हाई व्हायची." मी समजुतीनं म्हणलं, गेवराईतून चांगली सोलापुरी चादर आणतो. तिनं भिंतीकडं तोंड केलं. "इकत आणलेली द्यायची तर दुकानदार देईल. मी कावून पायजे?"

मग ती रडली. मला भामाचं रडणं सोसत न्हाई, माझं डोकं फिरतं. फिरलेल्या डोक्यानं मी म्हणलं, मी शिवतो.

रडता रडता ती हसली. चैतापासनं पहिल्यांदा हसली अन् तेबी मला हसली. आता तर शिवणारच.

१७ जुलै

पेटी उघडली. तिची निळी लुगडी, माझी पांढरी धोतरं, वनिताचे जुने कुर्ते. तळाला माझी खाकी वर्दी. म्हणलं, ही कावून फाडायची? म्हणली, "घालून कुठं जाणार हायत तुमी?"

पट्ट्या कात्रीनं कापायच्या नसत्यात, हे आज कळलं. काठाला बारकी खाच द्यायची अन् दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं. कापड आपल्या धाग्यानं सरळ फाटत जातं, कात्री काय तेवढी सरळ चालत न्हाई. एक टोक मी धरलं, एक तिनं. तिनं मुद्दाम उजव्या हातात धरलं. मी ओढलं तर फडकं तिच्या बोटातून नुसतं निसटून माझ्याकडं आलं. ती हाताकडं बघत बसली. मी म्हणलं, पलंगाच्या पायाला बांधू टोक. बांधलं. पलंगानं चांगलं धरलं.

२० जुलै

पायमशीन म्हणजे गाडीच, असं मला वाटायचं. साफ खोटं हाय. गाडीला ब्रेक असतो. हिचं पायटं जरा उलटं गेलं की चाक माघारी फिरतं अन् दोरा तुटतो. सकाळपासनं किती दोरे तुटले त्याला गणती न्हाई. भामा पलंगावरून, "हळू." मी म्हणलं, हळूच चाललंय. "मग रिव्हर्स कावून टाकताय?"

वही नसती तर आज ओरडलो असतो.

२३ जुलै

वनितानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. एक बाई चौकडीची गोधडी झटपट करती. एकेक चौकोन कापून जोडत बसत न्हाई. आधी लांब पट्ट्या एकमेकीला जोडती, निळी, पांढरी, खाकी, परत निळी. त्याचा एक पट्टा झाला की तो आडवा कापती. कापलेला तुकडा म्हणजे चौकोनांची तयार रांग. एक रांग सुलटी, एक उलटी लावून परत जोडायची, की झाली चौकडी. माझ्यासारख्या धटिंगणाला हेच बरं. बारके चौकोन माझ्या बोटात मावायचे न्हाईत.

भामाला दाखवलं. तिनं मोबाईल उलटा ठेवला. "शिवलेलं कापत्यात व्हय? कुण्या घरची रीत ही? फाटलेलं आपण शिवतो. शिवलेलं कापायचं म्हणजे बसल्या जागी घर मोडायचं." मी म्हणलं, मग तू सांग कसं करू. तिनं नुसतं हाताकडं बघितलं. पट्ट्यांचं गाठोडं मात्र उशाखाली घेऊन निजली.

२७ जुलै

भामाला घेऊन विहारात गेलतो. वंदना झाल्यावर मी भंतेजींना सरळच विचारलं. डायव्हरनं आडरस्त्यानं कशाला जायचं? म्हणलं, शिवलेलं कापलं तर दोष लागतो का?

भंतेजी तरुण हायत, पण रागावले न्हाईत. त्यांनी अंगावरच्या चीवराचा पदर पुढं धरून दाखवला. म्हणले, हे बघा, अख्खं कापड चालत न्हाई आम्हाला. नवं मिळालं तरी कापायचं, तुकडे करायचे अन् शेताला बांध असत्यात तसे जोडायचे. बुद्धाच्या काळापासनं हीच रीत हाय. भामा पुढं वाकून शिवणी बघत राहिली. मी एवढी वर्षं वंदन करतो, पण चीवर तुकड्यांचं असतं हे कधी नीट बघितलं नव्हतं.

घरी येऊन तिनं उशाखालचं गाठोडं माझ्याकडं सरकवलं. "कापा," म्हणली. "पण शिवण सरळ पायजे. वाकडी दिसली की मी उसवणार."

३ ऑगस्ट

सगळ्या पट्ट्या जोडल्या. जमिनीवर अंथरून बघतो तर पट्टा इळ्यासारखा वाकलाय. हातानं दाबला, वरून पाणी मारून इस्त्री केली, वर बसलोसुद्धा. उठलो की परत इळा.

भामा म्हणली, "आणा इकडं." कापड उजव्या कोपराखाली दाबलं, डाव्या हातात सुई घेतली अन् एकेक टाका उचलून तोडत गेली. माझी दोन दिवसांची मेहनत तिनं चहा निवायच्या आत उसवून ठेवली.

५ ऑगस्ट

परत जोडल्या. परत इळा. परत उसवलं. उसवताना कापड सरकतं म्हणून आता उजवा हात डाव्यानं उचलून त्यावर ठेवती, कागद उडू नये म्हणून दगड ठेवावा तसा. बायकांना काम मोडायला कशाही युक्त्या सुचत्यात.

९ ऑगस्ट

सापडलं. माझं मलाच सापडलं.

सकाळी चहा पिताना वाटलं, मी प्रत्येक शिवण एकाच टोकापासनं सुरू करतोय. मशीन खालचं कापड जरा ओढती अन् वरचं जरा ढकलती. दर वेळी त्याच बाजूनं ओढलं तर वाकणारच. गेवराईहून उमापूर, परत गेवराईहून उमापूर, अशी गाडी कधी चालती का? गेलेली गाडी माघारी यायला पायजे. मग एक शिवण या टोकानं सुरू केली, पुढची त्या टोकानं. एक जायची फेरी, एक यायची. पट्टा सरळ. दोरीसारखा सरळ.

भामाला म्हणलं, बघ. ती बराच वेळ बघत होती. म्हणली, "खाकी जाड हाय, तिथं चुण्या पडल्यात." अन् ती शिवण उसवली. पण खरं सांगायचं तर चुण्या होत्या.

१८ ऑगस्ट

आज पट्टा घेऊन नवनाथ टेलरकडं गेलतो. त्यानं दुकानाच्या उजेडात धरून बघितला. म्हणला, "डायव्हर, माझ्याकडं कामाला यायचं का बे?" नवनाथ कुणाची तारीफ करत न्हाई, त्याच्या स्वतःच्या पोराची पण न्हाई.

घरी येऊन ऐटीत भामापुढं टाकला. तिनं उलटसुलट केला. "इथं कड कमी सुटली." म्हणलं, नवनाथ म्हणतो झ्याक हाय. "मग नवनाथाला द्या भंतेजीला गोधडी." अन् दोन्ही हातांनी दोन्हीकडनं धरून असा टर्रकन ओढला की केसरबाई बघायला आली. मला ऐकू जावं म्हणून आवाज केला तिनं, दुसरं काय? बाहेर जाऊन बाभळीखाली बसलो. वही नेली होती म्हणून ठीक.

२९ ऑगस्ट

भादवा लागला. भामाचा खोडसाळपणा वाढला. मी शिवतो, ती उसवती. कधी टाका मोठा, कधी दोरा ढिला, कधी म्हणती मनालाच पटंना. कोणतीही शिवण दिली तरी तिला खोट सापडती. वरून उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे चिमटीत धरून एकेक वाटीत टाकत बसती. केराला एवढा मान कशाला? म्हणजे मला दिसावं, बघा तुमचं किती चुकलं.

मी आता हट्टाला पेटलोय. असा टाका घालीन की उसवायला जागा राहणार न्हाई.

५ सप्टेंबर

वनिताचा फोन आला. भामा तिच्याशी लई वेळ कुजबुजत होती अन् हसत होती. माझ्यावरच हसत असणार. फोन ठेवल्यावर विचारलं तर, "तुमाला काय करायचं?"

आज तिनं आपल्या हातानं भाकरी मोडली. मी मोडून ठेवली होती ती तशीच राहिली. माझ्या हातची नको झाली वाटतं आता.

१२ सप्टेंबर

जिंकलो. आज शेवटचा पट्टा दिला. भामानं शिवणीवरून बोट फिरवलं. उसवायला सुई उचलली, अन् परत ठेवली. "कापा आता. पौर्णिमा तोंडावर आली. गोधडी झाली पायजे."

आडवा कापायच्या आधी कात्री दोनदा खाली ठेवली, खोटं कशाला बोलू? भामानं डोळे मिटले. पण रांगा मोकळ्या झाल्या, एक सुलटी एक उलटी लावली अन् निळा, पांढरा, खाकी असे चौकोन उमटले. रांगा जोडताना खालच्या शिवणीची कड एका बाजूला अन् वरच्या शिवणीची दुसऱ्या बाजूला वळवायची, म्हणजे दोन्ही एकमेकीत बसत्यात अन् कोपऱ्याला कोपरा भिडतो. हेबी मीच शोधलं. माझ्या वर्दीच्या खिशाच्या शिवणीचा माग एका चौकोनावर उमटलाय. भामा म्हणली, "राहू द्या. छान दिसतो."

२१ सप्टेंबर

वर चौकडी, मधे जुनी लुगडी, खाली धोतर. चार कोपऱ्याला टाके घालून थर बसवले. आता हातानं धावदोरा घालतोय, कडेपासनं मधाकडं. एकही टाका उसवायची वेळ आली न्हाई.

भामा नुसती बसून असती. उसवायला काही नसलं की ती बोलतबी न्हाई. परवा पेला हातातून पडला. मी म्हणलं, दोन हातांनी धर ना. ती म्हणली, "उजवा ऐकंना." भाकरी परत मीच मोडून देतो.

हरली म्हणून रुसली असंल.

२५ सप्टेंबर

वनिता आली. आईजवळ बसली, तिची उजवी बोटं एकेक सरळ करून बघितली. मग स्वयंपाकघरात माझ्यामागं आली. आवाज चढला होता.

"आबा, आईची बोटं परत आखडलीत. मागल्या फोनला तर ती मला सांगत होती, चिमटीत दोरा धरता येतो म्हणून. भाकरी मोडली म्हणून किती हसली. मधे काय बंद केलं तुम्ही?"

मी म्हणलं, मी काय बंद करणार? चेंडू तर तिनंच फेकलाय. मी फक्त नीट शिवायला लागलो.

बोललो अन् तिथंच थांबलो.

कोपराखाली दाबलेलं कापड. डाव्यानं उचलून ठेवलेला हात. टर्रकन दोन्हीकडनं ओढलेलं. वाटीतले दोऱ्याचे तुकडे. मी ते सगळं बघितलं, अन् सगळ्याचा रागच केला. चाळीस सीटची गाडी घाटातून आणणारा मी, घरातला एक हात मला दिसला न्हाई. लई लाज वाटली. वनिताला काही सांगितलं न्हाई. ती गेल्यावर मोरीत तोंड धुतलं.

२६ सप्टेंबर

सकाळी गोधडीची किनार मशीनवर लावली. वाकडी लावली. टाके ढिले, मधेच मोठे, मधेच बारके. भामाच्या मांडीवर ठेवली अन् म्हणलं, बघ गं, झालं का बरोबर?

तिनं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"हे मुद्दाम केलं तुमी."

"न्हाई. चुकलं."

"तुमची चूक मला ठाऊक हाय. तुमी सुरुवात सरळ करता, मग तुमाला राग येतो अन् पुढं वाकडं जातं. हे पहिल्या टाक्यापासनं वाकडं हाय." मग म्हणली, "पौर्णिमा तोंडावर आली, अन् भंतेजी निघून जातील. गोधडी व्हायची न्हाई अशानं."

म्हणलं, न झाली तर न झाली. तू उसव.

माझा आवाज जरा चढलाच. पण ती रडली न्हाई. उजव्या हातात सुई घेतली, ती पडली. परत घेतली, परत पडली. मी उचलून देत राहिलो. किनार जाड, टाका निघता निघंना. घाम आला तिला. संध्याकाळपर्यंत एका बाजूची किनार निघाली. रात्री मी तीच सरळ लावली.

१ ऑक्टोबर

रोज एक बाजू वाकडी लावतो, ती उसवती, मग मी सरळ लावतो. धावदोरा मागं पडलाय. केसरबाई म्हणली, शहादेव भाऊ, तुमचं चाललंय काय, पुढं की मागं? म्हणलं, बाई, जायची फेरी अन् यायची फेरी. तिला काय कळलं न्हाई. भामाला कळलं, ती तोंडाला पदर लावून हसली.

४ ऑक्टोबर

आज सुई एकदाबी पडली न्हाई.

७ ऑक्टोबर, अश्विन पौर्णिमा

गोधडी पुरी झाली न्हाई. एका कोपऱ्याचा धावदोरा राहिला. मी म्हणलं, नको नेऊ, लोक काय म्हणतील? भामा म्हणली, "घ्या खांद्यावर."

विहारात गर्दी. कुणी चीवर आणलेलं, कुणी भांडी, कुणी फळं. भामानं गोधडी भंतेजींपुढं ठेवली अन् म्हणली, "भंतेजी, कोपरा राहिलाय."

भंतेजींनी चौकडीवर नजर फिरवली. मग पिशवीतून बारकी डबी काढली. त्यात सुई. म्हणले, भिक्खूजवळ सुई असतेच, ती ठेवावीच लागती. कोपरा मी शिवून घेईन, आई.

"न्हाई," भामा म्हणली. "सुई द्या मला."

दोरा मी ओवला, तेवढं तिला अजून जमत न्हाई. ती खाली बसली, कोपरा मांडीवर घेतला अन् उजव्या हातानं टाका घातला. मग दुसरा. काय ते टाके, एक तिरका, एक लांब, एक दुसऱ्याच्या अंगावर गेलेला. माझी बोटं शिवशिवली. दोन मिनिटांत सरळ करून दिला असता. मी हात मागं बांधून उभा राहिलो. लोक थांबले, भंतेजी थांबले. दोऱ्याला हातानं गाठ मारता आली न्हाई, तर तिनं दोरा दातात धरून मारली.

परत येताना वाटेत म्हणली, "एक सांगू? रागवायचं न्हाई."

"सांग."

"नवनाथाला दाखवली तिथनं पुढची तुमची शिवण चांगली होती. सगळी. नवनाथ खरं बोलत होता. मी उगंच उसवत होते."

मी रस्त्यातच उभा राहिलो. एवढे दिवस मी बाभळीखाली जाऊन बसलो. एवढी वही भरली. म्हणलं, मग थांबलीस कावून?

"तुमी लई मन लावून शिवत होतात. किती दिवस मोडायचं? अन् गोधडी तर द्यायचीच होती."

घरी येऊन ही वही काढली राग लिहायला. राग काय येईना.

९ ऑक्टोबर

भंतेजी काल चारिकेला निघाले. गोधडी घडी करून पाठीवर बांधली होती. तिचा वाकडा कोपरा नेमका वर आला होता. मी भामाला म्हणलं, तुझाच दिसतोय. म्हणली, "दिसू द्या."

आज तिनं परत पेटी उघडायला लावली. म्हणलं, आता कुणासाठी? "आपल्यासाठी. थंडी काय भंतेजीलाच वाजती?" वनिताचा हिरवा कुर्ता काढला. मी काठाला खाच दिली अन् सवयीनं एक टोक पलंगाच्या पायाला बांधायला वाकलो.

"सोडा ते," भामा म्हणली. टोक तिनं उजव्या हातात घेतलं, बोटांभोवती एक वेढा दिला, मूठ मिटली.

"ओढा."

मी हळूच ओढलं.

"जेवला न्हाईत का? नीट ओढा."

मी नीट ओढलं. कापड सरळ फाटत तिच्याकडं गेलं, शेवटपर्यंत. तिच्या हातातून सुटलं न्हाई.